फुल फ्रेम कॅमेरा : निवड आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुल फ्रेम म्हणजे नेमके काय? ‘फुल’ कशाच्या तुलनेत?

ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, साधारण ३६ × २४ मिलिमीटर मापाचा असतो, त्याला फुल फ्रेम म्हणतात. हे माप डिजिटल काळात ठरलेले नाही. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर एक चौकट १८ × २४ मिमीची असे. जर्मनीतल्या लाइट्स कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनाक यांनी तीच फिल्म कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि दोन चौकटींची मिळून एक चौकट केली. त्यांचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि पुढे तेच माप जगभर रूढ झाले. एकेकाळी आपण छत्तीस फोटोंचा जो रोल धुवायला टाकत होतो, त्याची चौकट याच मापाची होती आणि ‘फुल’ हा शब्द त्या रोलच्या तुलनेत वापरला जातो. तो सर्वांत मोठा सेन्सर मात्र नव्हे. मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांचे सेन्सर याहून मोठे असतात.

क्रॉप सेन्सरच्या तुलनेत प्रत्यक्षात किती फरक पडतो?

सव्वा स्टॉप. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा सव्वा स्टॉप पुन्हा पुन्हा येईल, कारण जास्तीचे पैसे आपण मुख्यतः त्याचेच मोजत असतो. म्हणून त्याचा हिशोब एकदा नीट मांडतो.

एपीएस-सी, म्हणजे बोलीत क्रॉप, सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा असतो. त्याचे क्षेत्रफळ ३६७ चौरस मिमीच्या आसपास भरते आणि फुल फ्रेमचे ८६४ भरते, म्हणजे जवळजवळ २.३५ पट. ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) आणि शटर स्पीड तेच ठेवले, तर त्याच पटीने अधिक प्रकाश चित्राच्या वाट्याला येतो. दोन्ही सेन्सर एकाच पिढीतले असतील तर क्रॉपवर १६०० आयएसओला (हा प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) जितका दाणा, म्हणजे चित्रावरची खरखर, दिसतो, तितका फुल फ्रेमवर ३७५० च्या आसपास दिसू लागतो. कॅननचा क्रॉप सेन्सर किंचित लहान असल्याने तिथे फरक थोडा अधिक पडतो. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या बाबतीतही हेच गणित लागू होते.

आता दुकानात कोणी फारसे सांगत नाही ती गोष्ट. एफपुढचा आकडा ॲपर्चरचा, तो जितका लहान तितका प्रकाश अधिक. क्रॉप कॅमेऱ्यावर एफ/२.८ ची झूम लेन्स आणि फुल फ्रेमवर एफ/४ ची झूम लेन्स लावून एकाच चौकटीचे दोन फोटो काढले, तर प्रकाश, दाणा आणि धूसरता या तिन्ही बाबतींत ते जवळजवळ सारखे येतात, कारण सेन्सरने दिलेला स्टॉप लेन्सने परत घेतलेला असतो. बॉडीसोबत किट म्हणून मिळणाऱ्या काही लेन्स तर झूमच्या टोकाला एफ/६.३ किंवा एफ/७.१ पर्यंत अंधारतात. तशी लेन्स लावून फुल फ्रेम मिरवणारे बरेच जण क्रॉपच्या मागेच असतात, हे त्यांना कळत नाही एवढेच.

मग फुल फ्रेम कोणी घेऊ नये?

जे दिवसाउजेडी फिरतात, फोटो मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावर पाहतात आणि दाखवतात, आणि ज्यांना पाठीवरचे ओझे जड वाटते, त्यांनी घेऊ नये. फुल फ्रेमची बॉडी अलीकडे ६००-७०० ग्रॅमपर्यंत आली आहे, पण २४-७० एफ/२.८ लेन्सचे वजन आजही साधारण ७०० ते ९०० ग्रॅम असते. पाणी, डबा आणि हा कॅमेरा घेऊन नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून पाहिल्याखेरीज या आकड्यांचा अर्थ कळत नाही.

पक्षी आणि वन्यजीव टिपणाऱ्यांनीही दोनदा विचार करावा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर दूरचा वाघ मधोमध कापून घेतला, तर क्रॉपइतक्या चौकटीत जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात, तर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात त्याच चौकटीत सगळेच्या सगळे हाती येतात. ४५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी ही अडचण सोडवते, कारण कापूनही सुमारे २० उरतात. पण तिची किंमत वेगळ्याच पायरीवर असते. ताडोब्यात पहाटेच्या अंधुक प्रकाशात फुल फ्रेम सरस ठरतो हेही खरेच, मात्र त्यासाठी ६०० मिमीपर्यंत जाणारी दोन किलोंची लेन्स जिप्सीच्या कठड्यावर तांदूळ भरलेल्या बीनबॅगवर टेकवण्याची तयारी हवी.

आणि कोणी जरूर घ्यावा?

ज्यांचे काम अंधारात आणि घाईत चालते, त्यांनी. लग्नाचेच उदाहरण घ्या. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात तो क्षण फार तर दोन सेकंद टिकतो. त्यात हात हलत असतात, मुंडावळ्या झुलत असतात, आणि पुढे मामा आडवा येण्याची शक्यता असतेच. शटर १/२०० च्या खाली नेता येत नाही. फ्लॅश वापरायचा नसेल तर बंद कार्यालयात एफ/२.८ ला आयएसओ ३२०० किंवा ६४०० लागतो. इथे सव्वा स्टॉप वधूच्या चेहऱ्यावर दिसतो, शालूच्या जरीत दिसतो.

रात्रीचे आकाश, रंगमंच, भजनाचा रात्रीचा फड, मावळतीनंतरचे समुद्रकिनारे, मोठ्या आकारात छापायची निसर्गदृश्ये, ही सगळी कामे याच वर्गातली.

बजेट ठरलेले आहे. बॉडी आणि लेन्समध्ये ते कसे वाटावे?

निम्म्याहून अधिक पैसे लेन्सवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षे काम देते. बहुतेक लोक नेमके उलट करतात. महागडी बॉडी घेतात आणि उरलेल्या पैशांत बसेल ती लेन्स लावतात. पैसे कमीच असतील तर आधीच्या पिढीतली फुल फ्रेम बॉडी आणि तिच्यावर ५० मिमी किंवा ८५ मिमी एफ/१.८ ची एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स ही जोडी सुरुवातीला पुरते. एफ/१.८ च्या प्राइम लेन्स हलक्या असतात, तुलनेने स्वस्त असतात, आणि सव्वा स्टॉप वाया घालवत नाहीत.

बॅगेतली एकेक लेन्स घेताना तिचा माउंट (बॉडीला जोडणारा सांधा, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा) पुढील दहा वर्षे आपल्याला पटणार आहे का, हेही पाहावे, कारण कंपनी बदलण्याचा खर्च बॉडीचा कधीच नसतो, तो लेन्सचा असतो.

डीएसएलआर घ्यावा की मिररलेस?

नवीन घ्यायचा असेल तर मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेले दृश्य आरशावरून डोळ्याकडे जाते, मिररलेसमध्ये तो आरसाच नसतो. सोनीने २०१३ साली ए७ मालिका सुरू केली, कॅनन आणि निकॉन २०१८ साली अनुक्रमे आरएफ आणि झेड माउंट घेऊन तिथे पोहोचले, आणि या दोन्ही कंपन्यांचे शेवटचे नवे फुल फ्रेम डीएसएलआर २०२० साली आले. मिररलेसमध्ये माणसाचा डोळा ओळखून फोकस धरणारी यंत्रणा आणि क्लिक करण्याआधीच प्रकाशाचा अंदाज दाखवणारा व्ह्यूफाइंडर मिळतो. शिकणाऱ्याला दुसऱ्याचा उपयोग अधिक होतो.

सेकंडहँड बाजारात मात्र डीएसएलआर आज फार स्वस्त पडतात. २०१४ सालच्या निकॉन डी७५० सारखी बॉडी आजही अंधारात उत्तम काम करते. शिवाय डीएसएलआरची बॅटरी एका चार्जवर हजारभर फोटो सहज काढते, तर मिररलेससोबत दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवाव्याच लागतात. विमानप्रवासात त्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्यात. चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत.

किती मेगापिक्सेल पुरेसे आहेत?

बहुतेकांना २४. त्याचे चित्र ६००० × ४००० पिक्सेलचे होते आणि इंचाला ३०० ठिपके धरून २० × १३ इंचांचे छापून निघते, म्हणजे लग्नाच्या अल्बमचे एक पान त्यात सहसा बसते. ४५ मेगापिक्सेल घेतल्यावर कार्डे, हार्ड डिस्क आणि संगणक सगळेच मोठे घ्यावे लागते, शिवाय हात किंचित हलल्याची चूकही ठळक दिसते.

घरातल्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालतील का?

चालतात, पण अडॅप्टर लागतो, आणि इथे बारकावे आहेत. डीएसएलआरमध्ये आरशासाठी जागा सोडावी लागत असल्याने लेन्सचा माउंट सेन्सरपासून दूर असे. कॅनन ईएफमध्ये ते अंतर ४४ मिमी आहे आणि आरएफमध्ये २०, निकॉन एफमध्ये ४६.५ आहे आणि झेडमध्ये १६. मधले अंतर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही.

कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह व्यवस्थित चालतात. निकॉनच्या बाबतीत फसगत होऊ शकते. एएफ-एस लेन्स निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर आपोआप फोकस करतात, पण ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही अशा एएफ-डी लेन्स तिथे हातानेच फोकस कराव्या लागतात. क्रॉप सेन्सरसाठी बनलेली लेन्स फुल फ्रेमवर लावली तर बॉडी आपोआप क्रॉप चौकटीवर जाते किंवा कडा काळ्या पडतात. तात्पुरते चालते, कायमचे नव्हे.

सेकंडहँड घेताना काय तपासावे?

मुंबईत बोरा बाजारात फिरा किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडून घ्या, तपासणी तीच. शटर काउंट विचारावा. पुष्कळ बॉडींचे शटर दीड ते दोन लाख क्लिकपर्यंत टिकेल असे निर्माते सांगतात, त्यामुळे ३० हजारांवरची बॉडी तरुण आणि १ लाख ४० हजारांवरची थकलेली समजावी. लेन्सचे दोन्ही झाकण काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि पुढून तिरक्या नजरेने पाहावे. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि मग किंमत कितीही उतरली तरी लेन्स परत द्यावी. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर एक फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये कार्ड घालून पाहावे, स्क्रू खरवडलेले आहेत का तेही पाहावे. मूळ जीएसटी बिल आणि त्यावरचा बॉडीचा क्रमांक जुळला पाहिजे. ‘बिल हरवले’ हे उत्तर मी तरी मान्य करीत नाही.

अमेरिकेतून किंवा जपानहून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगावे का?

फरक मोठा असेल तरच. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात विक्री झाली तिथपुरतीच असते, त्यामुळे इथे बिघाड झाल्यास दुरुस्तीचा पूर्ण खर्च आपल्यावर येतो. कस्टमची सूट ओलांडली तर शुल्क भरावे लागते. प्रवासापूर्वी चालू मर्यादा पाहून घ्यावी आणि बिल जवळ ठेवावे. जपानच्या बाजारापुरत्या बनवलेल्या काही बॉडींच्या मेनूत जपानीखेरीज दुसरी भाषाच नसते. काकांनी प्रेमाने आणलेला कॅमेरा सुरू केल्यावर हे कळणे फार जड जाते.

मंगल कार्यालयातल्या फोटोंत आडवे पट्टे का येतात?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर वापरले की सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, आणि अनेक बॉडींना त्यासाठी सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात दिवा पाच-सहा वेळा लुकलुकलेला असतो. तेच हे पट्टे. उपाय सोपे आहेत. कार्यालयात मेकॅनिकल शटर वापरावे, शक्य तिथे १/५० किंवा १/१०० ठेवावे, आणि त्याहून वेगवान शटर हवे असेल तर मेनूतला अँटी-फ्लिकर पर्याय चालू करावा. मागे एलईडी वॉल असेल तर तिची लय वेगळी असते, तिथे आधी दोन-चार चाचणी फोटो काढून शटर स्पीड थोडा वरखाली करून पाहण्याला पर्याय नाही.

ग्रुप फोटोत मागची रांग धूसर येते. कॅमेऱ्यात दोष आहे का?

दोष नाही, क्रॉपवर जे ॲपर्चर खपून जात होते ते फुल फ्रेमवर खपत नाही. ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर चार मीटर अंतरावर ठेवली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा एकूण ७० सेंटिमीटरच्या आसपास असतो. पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागे उभे काका-काकू आणि त्यांच्याही मागे स्टुलावर चढलेली पोरे, ही मंडळी त्यात मावत नाहीत. एफ/५.६ केले की तोच पट्टा दोन मीटरहून मोठा होतो. फोकस पहिल्या रांगेच्या किंचित मागे धरावा.

एका व्यक्तीच्या चित्रातही हे ध्यानात ठेवावे. ८५ मिमी, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा राहतो. चेहरा थोडा वळलेला असेल तर जवळचा डोळा स्पष्ट येतो आणि पलीकडच्या कानातला झुमका विरघळतो. ते सुंदर दिसते, पण नथ आणि झुमके दाखवण्यासाठीच ज्यांनी फोटो काढून घेतला त्यांना ते पटत नाही. एफ/४ करावे.

रॉ मध्ये काढावे की जेपेगमध्ये?

दोन्हींत, दोन कार्डांवर. रॉ म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती, जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार केलेले चित्र. निदान पहिली दोन वर्षे.

किल्ल्यावरून आकाशगंगा टिपण्यासाठी कोणती सेटिंग्ज ठेवावीत?

आपल्या अक्षांशावरून आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आणि मे महिन्यात रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत दिसतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. पावसाळा लागला की हा हंगाम संपतो. २० मिमी लेन्स, एफ/१.८, आयएसओ ३२०० आणि १५ सेकंद ही सुरुवात म्हणून चांगली आहे. ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सच्या मिमीच्या आकड्याने) भागावे, असा जुना नियम २५ सेकंद सांगतो, पण २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तितक्या वेळात तारे लांबट झालेले दिसतात.

ऑटोफोकस बंद करावा, पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत फोकस रिंग फिरवावी आणि मग त्या रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. हा तुकडा विसरल्यामुळे अंधारात रिंगला धक्का लागून अख्खी रात्र वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांत मीही एकदा होतो. गडावर मुक्कामाला परवानगी आहे की नाही, हे पायथ्याच्या गावात आधी विचारून घ्यावे.

पावसाळ्यात बुरशी कशी टाळावी?

माझी पहिली ५० मिमी लेन्स मी चामड्याच्या सुंदर केसमध्ये घालून, लाकडी कपाटात, कपड्यांच्या घड्यांमागे जपून ठेवली होती. जूनमध्ये ठेवली, गणपतीला काढली. काचेच्या आत कडेपासून मध्याकडे पांढरे तंतू पसरलेले होते. चामडे, कापूस, अंधार आणि ओल, बुरशीला याहून चांगले घर मिळणार नाही.

कोकण आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते. लेन्सला ४० ते ५० टक्के मानवते. पैसे असतील तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्यावी. नसतील तर झाकणाला रबर असलेला, हवा न शिरणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर एवढ्यावर काम भागते. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर नव्हे, ओव्हनमध्ये वाळवावे किंवा सरळ नवे आणावे. स्वयंपाकाच्या भांड्यात ते कधीच गरम करू नये. आणि लेन्स वापरत राहावी, कारण उजेडात आणि वाहत्या हवेत आलेल्या काचेवर बुरशी सहसा जम बसवत नाही.

एसी खोलीतून थेट समुद्रकिनारी गेल्यास काचेवर दव धरते. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा, मग बाहेर काढावा.

सेन्सर घरी साफ करावा का?

हवेचा ब्लोअर वापरावा, बॉडीचे तोंड खाली धरून. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा थेंब हमखास उडतो. ओला स्वॅब वापरायचाच झाला तर फुल फ्रेमसाठी २४ मिमी रुंदीचा घ्यावा, एका दिशेने एकदाच फिरवावा आणि फेकून द्यावा. हात कापत असेल तर सर्व्हिस सेंटर.

जेजुरीचा भंडारा, मिरवणुकीतला गुलाल आणि लेझर यांपासून कॅमेरा कसा वाचवावा?

सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा हवाच पिवळी होते. हळदीची ती पूड पिठाहून बारीक असते आणि जिथे हवा शिरते तिथे शिरते. झूम करताना जिची नळी बाहेर येते ती लेन्स पिचकारीसारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर भंडाराही. म्हणून अशा ठिकाणी प्राइम लेन्स न्यावी. गड चढण्याआधी खालीच लेन्स लावावी, माउंटच्या सांध्यावर आणि बटणांच्या फटींवर कागदी टेप चिकटवावा, पुढे साधा यूव्ही फिल्टर बसवावा, आणि घरी येईपर्यंत लेन्स काढू नये. परतल्यावर आधी कोरड्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने पूड उडवावी. ओल्या फडक्याने पुसले तर हळद भिजून फटीत बसते आणि ग्रिपचे रबर कायमचे पिवळे होते. गुलालाचेही तसेच.

लेझरची गोष्ट अधिक गंभीर आहे. मिरवणुकीतल्या लेझरचा झोत लेन्समधून थेट आला तर सेन्सरवर कायमचे जळके ठिपके किंवा उभ्या-आडव्या रेषा उमटू शकतात. डीएसएलआरमध्ये क्लिक करेपर्यंत सेन्सर आरशाआड आणि शटरमागे असतो, मिररलेसमध्ये मात्र कॅमेरा चालू आहे तोवर तो सहसा उघडाच असतो. झोत गर्दीवर फिरत असेल तर कॅमेरा खाली घ्यावा, झाकण लावावे आणि तो ट्रक पुढे जाऊ द्यावा.